वाघाच्या वाटेवरचा उजेड

२०१८-१९च्या व्याघ्रगणनेने गिनेस बुकात जागा मिळवली. देशभरातल्या १४१ क्षेत्रांत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बांधले गेले आणि त्यांनी मिळून ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो काढले. त्यात वाघांचे ७६,६५१ आणि बिबट्यांचे ५१,७७७. म्हणजे साडेचारशे फोटो चाळावेत तेव्हा एक वाघ हाती लागतो. पंतप्रधानांनी देशातल्या वाघांचा अंदाजी आकडा २,९६७ असा जाहीर केला, वर्तमानपत्रांनी तो पहिल्या पानावर छापला आणि विषय संपला. मला कुतूहल आहे ते उरलेल्या फोटोंचं. चितळ, सांबर, गवे, अस्वलं, रानडुकरं तर आलीच. पण गणनेत राबलेल्या कुणाही वनरक्षकाला विचारा, मेमरी कार्डातून आणखी काय काय निघतं ते तो सांगेल. वाऱ्याने हललेलं गवत, चुकार गुरं, सायकलवरून जाणारा माणूस, डोक्यावर मोळी घेतलेली बाई. चालायला सोपी वाट वाघाला आवडते तशीच माणसालाही आवडते, आणि कॅमेरा तर मुद्दाम तशा वाटेवरच बांधलेला असतो.

अंधारात पाहायचं तर उजेड कुठून तरी आणावा लागतो. तो चंद्राचा असेल, फ्लॅशचा असेल, डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त दिव्याचा असेल किंवा समोरच्या जिवाच्या अंगातल्या उष्णतेचा असेल. कोणता उजेड घ्यायचा हे एकदा ठरलं की काय दिसणार हेही ठरून जातं. कोण दिसणार, हेसुद्धा. जंगलातल्या रात्रीच्या पहाऱ्याबद्दल आपल्याकडे बरंच लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते कॅमेऱ्याचं कौतुक असतं. उजेडाकडे फारसं कुणी पाहत नाही.

आपल्याकडचा सगळ्यात स्वस्त उजेड बुद्धपौर्णिमेचा. वैशाखात नाले आटलेले असतात, पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांवर, आणि चंद्र सूर्यास्ताला उगवून रात्रभर साथ देतो. मेळघाट, ताडोबा, पेंच, नागझिरा इथल्या मचाणांवर त्या रात्री माणसं पाणी आणि डबा घेऊन बसतात आणि येईल त्या प्राण्याची वहीत नोंद करतात. पूर्वी याला गणना म्हणत. आता वनखातं जपून 'निसर्गानुभव' म्हणतं, आणि ते बरोबरच आहे, कारण एकच डुकरांचा कळप दोन पाणवठ्यांवर गेला की दोनदा मोजला जातो. पण उजेडाचा धडा म्हणून या रात्रीला तोड नाही. पौर्णिमेचा चंद्र जमिनीवर पाव लक्सच्या आसपास उजेड टाकतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली शे-दोनशे लक्स सहज असतो. अमावास्येच्या निरभ्र रात्री नुसत्या चांदण्यांचा उजेड पौर्णिमेच्याही शंभरेक पट कमी. आपल्या डोळ्याला एवढ्यात पाहायची सवय व्हायला अर्धा तास लागतो, आणि शेजारच्याने वेळ बघायला मोबाइल उघडला की तो अर्धा तास पाण्यात. शिवाय अंधारात काम करणाऱ्या पेशींना रंग कळत नाहीत. मचाणावरून चंद्रप्रकाशात दिसलेला वाघ पिवळाधमक कधीच नसतो, तो राखाडी असतो. उलट तो आपल्याला कसा पाहतो? त्याच्या नेत्रपटलामागे आरशासारखा थर आहे. एकदा निसटलेला प्रकाश तो थर पुन्हा पेशींवर फेकतो. माणसाला लागणाऱ्या उजेडाच्या सहाव्या हिश्श्यात मांजरकुळाचं भागतं असं मानतात. गाडीच्या दिव्यात त्यांचे डोळे चमकतात ते याच थरामुळे.

याच चमकीवर एक जुनी शिकार उभी होती. अमेरिकेत मिशिगनच्या तळ्यांवर शिकारी होडीच्या टोकाला दिवा लावून रात्री काठाकाठाने जात. हरणं दिव्याकडे बघत थिजून उभी राहत आणि डोळ्यांच्या चमकीवर नेम धरला जाई. जॉर्ज शिरास हे पेनसिल्व्हेनियातले वकील, पुढे अमेरिकी संसदेचे सदस्य. त्यांनी तीच होडी आणि तीच पद्धत ठेवली, बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला आणि दिव्याच्या जोडीला मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट. पुढे त्यांनी वाटेत दोरी ताणून प्राण्यालाच स्वतःचा फोटो काढायला लावलं. १९०६च्या जुलैमध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने त्यांचे ७४ फोटो एका अंकात छापले. नियतकालिकाचं चित्रांचं पुस्तक होतंय म्हणून संस्थेच्या संचालक मंडळातल्या दोघांनी राजीनामे दिले. आज त्या मासिकाची ओळखच फोटो आहे, तेव्हा त्या दोघांचं फारसं कुणी ऐकलं नाही हे उघड आहे. आपल्याकडे शिकाऱ्यांचा उजेड अजून विझलेला नाही. बॅटरीच्या झोतात ससा धरणं किंवा जीपच्या सर्चलाइटवर सांबर मारणं हे खेड्यापाड्यांतल्या अनेकांना ऐकून तरी माहीत असतं.

हिंदुस्थानात हे तंत्र आणलं ते संयुक्त प्रांतातल्या फ्रेडरिक वॉल्टर चँपियन या वनाधिकाऱ्याने. शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार लावायची, वाघाचा पाय लागला की फ्लॅशच्या पुडीचा भडका आणि फोटो. १९२५ साली 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने त्यांचे रात्रीचे वाघ छापले आणि १९२७ साली त्यांचं पुस्तक आलं. ज्या काळात साहेबाच्या दिवाणखान्यात वाघाचं कातडं असणं ही प्रतिष्ठा होती, त्या काळात हा गृहस्थ वाघाच्या जिवंतपणी त्याची तसबीर मिळवण्यासाठी धडपडत होता. जिम कॉर्बेट बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे वळले त्यात चँपियन यांच्या फोटोंचा वाटा होता. मला त्यांची आणखी एक गोष्ट मोठी वाटते. फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहताना त्यांच्या लक्षात आलं की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. या निरीक्षणाचा शास्त्रीय उपयोग व्हायला मात्र जवळजवळ सत्तर वर्षं जावी लागली.

मधल्या काळात आपण वाघ मोजत होतो ते पंजाच्या ठशांवरून. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६०च्या दशकात ही पद्धत बसवली. मातीत उमटलेला ठसा काचेवरून कागदावर उतरवायचा आणि अनुभवी माणसाने सांगायचं की हा अमुक वाघ. पद्धत स्वस्त होती आणि गार्डला जंगलभर फिरवत होती, हा तिचा खरा गुण. पण ओल्या मातीतला आणि धुळीतला ठसा एकाच वाघाचे दोन वाघ करू शकतो, आणि वरिष्ठांना आकडा वाढलेला हवा असेल तर तो वाढतोच. २००४-०५मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरलेला नाही हे उघडकीला आलं तेव्हा कागदावर तिथे वाघ होते. त्याआधीच कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंथ कॅमेऱ्यांनी वाघ मोजत होते आणि १९९५ साली त्यांनी ती पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली. पकडा, खूण करा, सोडा, पुन्हा किती पकडले जातात ते पाहा, आणि त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधा, असं ते गणित. इथे पकडायचं ते फोटोत, आणि खूण वाघ जन्मतःच अंगावर घेऊन आलेला. २००६नंतरच्या देशव्यापी गणना याच पायावर उभ्या आहेत.

गणितातली ती खूण प्रत्यक्षात मिळवायची कशी? दर दोन चौरस किलोमीटरमागे कॅमेऱ्यांची एक जोडी, वाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. समोरासमोर अशासाठी की वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. एकीकडचाच फोटो मिळाला तर एका वाघाचे कागदावर दोन होण्याची भीती. पण अगदी नाकासमोर बांधायचे नाहीत, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो. बांधून झालं की एक वनमजूर हातापायांवर रांगत कॅमेऱ्यासमोरून जातो, कारण उभा माणूस टिपला गेला म्हणून वाघ टिपला जाईलच असं नाही. हे दृश्य हसण्यासारखं दिसतं, पण ती चाचणी चुकली तर निदान पंचवीस रात्रींची मेहनत फुकट जाते. समोर काही हललं हे कॅमेऱ्याला कळतं ते उष्णतेवरून. मागच्या जमिनीपेक्षा गरम असलेलं काहीतरी सरकलं की त्यातला संवेदक जागा होतो. विदर्भातल्या मे महिन्यात गोम इथेच येते. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की दुपारची जमीन आणि वाघाचं अंग यांत फरकच उरत नाही, आणि कॅमेरा समोरून गेलेल्या जनावराला सरळ चुकतो. रात्री जमीन निवते तेव्हा त्याला पुन्हा दिसू लागतं.

आता उजेडाची निवड. जुन्या पद्धतीचा पांढरा फ्लॅश रंगीत आणि धारदार फोटो देतो, चालता वाघ त्यात गोठतो आणि पट्ट्यांची कड न् कड वाचता येते. दुसरा पर्याय अवरक्त दिव्यांचा. माणसाची नजर साधारण ७०० नॅनोमीटरच्या पुढे मंदावत संपते. कॅमेऱ्यातल्या सिलिकॉनच्या चकतीला मात्र हजार-अकराशेपर्यंतचा प्रकाश जाणवतो. या मधल्या पट्ट्यात दिवा लावला तर कॅमेऱ्याला दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. दिवसा हाच प्रकाश फोटोचे रंग बिघडवतो म्हणून भिंगामागे त्याला अडवणारी एक काच असते आणि रात्री ती बाजूला सरकते. सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही अंधार पडल्यावर 'टक्' असा आवाज करतो तो हाच. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबवर पोहोचतात, पण जवळून पाहिलं तर त्यांचा मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचे दिसत नाहीत, पण त्यांची पोच कमी. आणि अवरक्त फोटो काळापांढरा, अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहत असल्याने चालत्या जनावराचा पुष्कळदा फरकटलेला. वाघ आहे एवढं कळतं. कोणता वाघ, ते कळेलच असं नाही.

म्हणजे ओळख हवी असेल तर झोत टाकावा लागतो, आणि झोत टाकला की आपण तिथे आहोत हे कळतं. वाघालाही कळतं. नेपाळमधल्या बर्दिया इथल्या अभ्यासात २००४ साली असं दिसलं की काही दिवसांनी वाघ कॅमेऱ्यांच्या जागा टाळू लागतात आणि मग मोजणीचा आकडा खाली घसरतो. चोरट्या शिकाऱ्याला तर कॅमेरा पहिल्याच फोटोत कळतो. मग कॅमेरा फुटतो किंवा चोरीला जातो. म्हणून वाघ मोजायला एक उजेड आणि शिकारी पकडायला दुसरा.

अवरक्त दिव्याने एकदा मात्र पांढऱ्या फ्लॅशवर मात केली. मलेशियाच्या द्वीपकल्पात बहुतेक बिबटे काळे आहेत. काळ्या कातडीवर ठिपके दिसेनात, मग कोणता कोण ते कळणार कसं? अभ्यासकांनी कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या संवेदकावर आडोसा लावला, म्हणजे भर दिवसाही त्याला रात्रच वाटावी आणि त्याने अवरक्त दिवेच लावावेत. त्या प्रकाशात काळ्या बिबट्याच्या अंगावरचे ठिपके स्वच्छ उमटले. २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. डोळ्यांना जे काळं कुळकुळीत दिसतं ते दुसऱ्या उजेडात नक्षीदार निघतं. या साऱ्या तंत्रातला हा माझा आवडता किस्सा.

तिसरा मार्ग उष्णतेच्या कॅमेऱ्याचा. तो बाहेरून काहीच टाकत नाही. अंगातून निघणारी ८ ते १४ मायक्रॉनची ऊब टिपतो. साध्या काचेतून ती आरपार जात नाही म्हणून त्याचं भिंग जर्मेनियमचं, आणि म्हणून तो महाग. गर्द काळोखात एक किलोमीटरवरचा वाघ त्याला पांढऱ्या डागासारखा दिसू शकतो. पण पट्टे नाहीत, चेहरा नाही, नर की मादी तेही बहुधा नाही. लष्कराच्या कामाला हे पुरतं, कारण तिथे 'कुणीतरी आहे' एवढंच आधी कळायला हवं असतं. वाघाच्या बाबतीत ते पुरत नाही. हे आपण यवतमाळमध्ये पाहिलं.

*

पांढरकवड्याच्या टी-वन वाघिणीची, म्हणजे अवनीची, गोष्ट माहीत नाही असा मराठी वाचक विरळा. दोन वर्षांत तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. २०१८च्या सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला ठार करण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला नकार दिला आणि राळेगाव-पांढरकवड्याच्या त्या झुडपी रानात मोठी मोहीम उघडली गेली. शेकड्याच्या घरात कॅमेरा ट्रॅप, ड्रोन, उष्णतेचे कॅमेरे, हत्ती, कुत्री, पॅराग्लायडर. वाघिणीला भुरळ घालायला एका विदेशी कंपनीचं अत्तरसुद्धा फवारलं गेलं, त्यावर जगभर चविष्ट बातम्या झाल्या. यातला एक हत्ती मोहिमेतून पळाला आणि त्याने वाटेत एका बाईचा जीव घेतला, ती बातमी त्या मानाने लहान होती.

इतका डोळ्यांचा पहारा असूनही शेवट झाला तो २ नोव्हेंबरच्या रात्री, बोराटीच्या रस्त्यावर, उघड्या जीपमधून झाडलेल्या एका गोळीने. गणनेच्या कॅमेऱ्यांना वेळ असतो. फोटो जमतात, प्रयोगशाळेत पट्टे जुळवले जातात, आणि आठवड्यांनी कळतं की अमुक वाघ अमुक दिवशी इथे होता. रस्त्यावरच्या झोताला वेळ नसतो. समोर वाघ आहे हे दिसतं आणि ही तीच आहे हे क्षणात मानावं लागतं. ती तीच निघाली. पण सूर्यास्तानंतर बेशुद्धीचा बाण न मारण्याचा नियम, पशुवैद्यक बरोबर असण्याचा नियम, हे सगळे त्या रात्री कुठे होते हा प्रश्न राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीतही आला आणि नियमभंगाचे ताशेरे आले. माझं मत विचाराल तर, तेरा कुटुंबांचं दुःख पाहता ती वाघीण हटवणं भाग होतं, आणि तरीही रात्रीच्या झोतात घेतलेला तो निर्णय व्हायला नको होता. ही दोन्ही वाक्यं एकदम म्हणता येतात. त्या वेळच्या दूरचित्रवाणीच्या चर्चांत ती कुणी एकदम म्हणू दिली नाहीत.

पट्ट्यांच्या सबुरीच्या कामाचं उदाहरणही त्याच यवतमाळचं. २०२४च्या डिसेंबरमध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेऱ्यात वाघ आला. मराठवाड्याच्या त्या टोकाला, बार्शीच्या शेजारी, वाघ? आधी कुणाचा विश्वास बसेना. मग पट्टे जुन्या संग्रहाशी जुळवले गेले आणि निघालं की हा यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्याचा. चारशे-पाचशे किलोमीटरचा पल्ला, सोयाबीन-तुरीची शेतं, महामार्ग, रेल्वेचे रूळ ओलांडत तो आला होता. वाटेत त्याला फार कुणी पाहिलंच नाही. गळ्यात पट्टा नाही, अंगात चिप नाही, ओळखपत्र म्हणून नुसती कूस. चँपियन यांनी हे वाचलं असतं तर खूश झाले असते.

*

मुंबईत गोष्ट वेगळी. इथे अंधारच नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या शंभरेक चौरस किलोमीटरभोवती दिव्यांचा समुद्र आहे आणि त्याच्या काठाने बिबटे फिरतात. निकित सुर्वे यांच्या २०१५च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात ३५ बिबटे ओळखले गेले, पुढच्या २०१८च्या फेरीत ४७. त्याच सुमारास छायाचित्रकार नयन खानोलकर यांनी तिथल्या वारली वस्तीतल्या बोळात कॅमेरा लावला. त्यांनी एक शहाणपण केलं. आपले फ्लॅश बोळातल्या नेहमीच्या दिव्याच्या मापाने लावले, म्हणजे बिबट्या आला तरी तो बोळातल्या उजेडातच यावा. चार महिन्यांनी तो फोटो मिळाला आणि २०१६ साली 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'मध्ये शहरी विभागात पहिला आला. त्या फोटोत बिबट्या वस्तीवर चालून आलेला वाटत नाही, रात्रपाळीवरून घरी निघाल्यासारखा दिसतो. वारल्यांच्या वाघोबा या देवाला हे नवीन नाही.

सोसायटीच्या सीसीटीव्हीने मात्र उलटं केलं. पूर्वी बिबट्या रात्री दोन वाजता कुंपणावरून येई, कुत्रं घेई आणि जाई. सकाळी कुत्रं दिसत नाही एवढंच. आता सकाळी सात वाजता व्हॉट्सॲपवर चित्रफीत असते, आठ वाजता वाहिनीवर असते आणि दहा वाजता पिंजरा लावा म्हणून निवेदन जातं. बिबटे वाढलेही असतील, पण कॅमेरे त्याहून कितीतरी वेगाने वाढले आहेत. आणि पिंजरा लावून दूर नेऊन सोडल्याने प्रश्न मिटत नाही हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांचं काम सांगतं. माळशेजजवळ सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या २००९ साली रेडिओ कॉलर घालून चालत मुंबईपर्यंत आला होता, त्यावर चित्रपटही निघाला. त्यांच्याच चमूने अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात, जिथे चौरस किलोमीटरला तीनशेवर माणसं राहतात, कॅमेरे लावले तेव्हा शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे आणि तितकीच तरसं मिळाली. तिथल्या लोकांना ती मिळाली नव्हती, ती त्यांना माहीतच होती.

*

आता सुरुवातीला म्हटलेल्या त्या उरलेल्या फोटोंकडे येतो. त्रिशांत सिमलाई या अभ्यासकाने उत्तराखंडातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाभोवती चौदा महिने राहून २७० माणसांशी बोलून लिहिलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. २०१७ साली तिथे एका कॅमेरा ट्रॅपमध्ये प्रातर्विधीला बसलेल्या बाईचा अर्धनग्न फोटो आला. ती स्वमग्न होती. तो फोटो हंगामी वनकर्मचाऱ्यांच्या हातून स्थानिक फेसबुक आणि व्हॉट्सॲप गटांवर फिरला. तिच्या गावच्या लोकांनी मिळतील तेवढे कॅमेरे फोडले, जाळले. फोटो फिरवणारे कुणी बाहेरचे गुंड नव्हते. ज्यांच्याकडे कार्ड काढायचं काम होतं तेच होते. त्याच २०१७च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. निकालाच्या बातम्या शहरांत भरभरून वाचल्या गेल्या.

अभ्यासातली दुसरी नोंद मला अधिक अस्वस्थ करते. तिथल्या बायका सरपणाला, गवताला जाताना गात, मोठ्याने बोलत. त्यात गंमत होती, पण त्यात शहाणपणही होतं: आवाज ऐकून वाघ बाजूला होतो. जंगल हे त्यांच्यासाठी सासरच्या नजरेपासून, दारुड्या नवऱ्यापासून दूर असलेली जागाही होती. झाडाझाडाला कॅमेरे आल्यावर त्या हलक्या आवाजात बोलू लागल्या, आडवाटेने जाऊ लागल्या. अभ्यासकाशी बोललेली एक बाई पुढे वाघाच्या हल्ल्यात गेली. कॅमेऱ्यामुळेच गेली असं कुणी म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण माणसांना वाघापासून वाचवणारी एक सवय वाघ वाचवणाऱ्या यंत्राने मोडली, एवढं त्या पानांत दिसतं.

हे उत्तराखंडाचं म्हणून सोडून देता येणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बायका मोहफुलं वेचायला पहाटेच्या अंधारात निघतात, कारण फुलं रात्रीतून गळतात आणि उशीर झाला तर हरणं-गुरं खाऊन टाकतात. पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम. याच महिन्यांत, याच वाटांवर कॅमेरे असतात, आणि याच काळात पानं तोडणाऱ्या बायका वाघाच्या तावडीत सापडल्याच्या बातम्या येतात. वाकून पान तोडणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, असं गावात सांगतात. वनहक्क कायद्याने या लोकांचा जंगलावरचा हक्क मान्य केला आहे. पण कॅमेऱ्यात आलेल्या त्यांच्या फोटोचं काय करायचं, हे ग्रामसभेला सांगितलेलं निदान माझ्या कानावर नाही. करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. गणनेचे दिवस आणि वाटा आधी गावात सांगायच्या. कॅमेऱ्याच्या झाडावर मराठीत, गोंडीत पाटी लावायची. माणसाचा फोटो संगणकानेच बाजूला काढून पुसायचा. प्राण्यांच्या जाती वेगळ्या करणारी संगणकप्रणाली गणनेत आधीपासून वापरात आहे, तेव्हा तंत्र नाही ही सबब चालणार नाही. आणि कार्ड कुणाच्या हातात जातं याची सही घ्यायची. शिकारी सुटतील अशी भीती घालणाऱ्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की मोहफुलं वेचणारीला शिकाऱ्याच्या रांगेत उभं करून आजवर एकही शिकारी सापडलेला मला माहीत नाही.

कॅमेरा माणसाच्या कामाचा होऊ शकतो हेही खरं. ताडोबाच्या बफरमधल्या सीतारामपेठ गावाच्या कडेला कॅमेऱ्यांची अदृश्य भिंत उभी केली आहे. त्यातून वाघ आला की संगणक ओळखतो आणि सूचना जाते. अशा यंत्रणा आता जुन्नरच्या शिवारातही भोंग्यांसकट लागत आहेत. इथे उजेड वाघावर पडतो आणि माहिती गावाला मिळते, आतापर्यंतच्या उलट दिशेने.

पण जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसात रात्री कोण असतं ते पाहायला कॅमेरा लागत नाही. शेतीच्या पंपाला थ्री फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री अशी पाळीने मिळते. रात्रीची पाळी आली की शेतकरी बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेलं गाणं एवढ्या सरंजामावर दारं मोडायला निघतो. त्याच्या बॅटरीचा झोत पन्नास फूट जातो, उसाच्या सरीत पाचही फूट जात नाही. बिबट्या तिथे दोन हातांवर बसलेला असू शकतो. कृषिपंपांना दिवसा सौर वीज देण्याची राज्य सरकारची योजना २०१७ची, तिची दुसरी आवृत्ती २०२३ची. जिथे ती पोहोचली तिथे पाणी दुपारी दिलं जातं. जिथे नाही तिथे बिबट्याच्या हल्ल्यानंतर दर वेळी दिवसा वीज द्या म्हणून रास्ता रोको होतो, आणि दुसऱ्या दिवशी वनखात्याची गाडी येऊन बांधाच्या बाभळीला आणखी चार ट्रॅप कॅमेरे बांधून जाते.